रद्द, पण कसं रद्द?

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)



आज एका शब्दाविषयी बोलायचं आहे. शब्द तुमच्या-माझ्या रोजच्या वापरातला आहे : रद्द. एसटीची फेरी रद्द होते, परीक्षा रद्द होते, सभा रद्द होते, निविदा रद्द होते, शिधापत्रिकेवरचं नाव रद्द होतं आणि कधीमधी निवडणूकसुद्धा रद्द होते. शब्द कानावर पडला की आपण समजतो, संपलं. पिशवी उचलायची आणि घरची वाट धरायची.

इंग्रजीत मात्र या एका 'रद्द'साठी बरेच शब्द आहेत. त्यातले दोन एकमेकांच्या इतके जवळ आहेत की शब्दकोशात पाहिलं तर जुळे भाऊ वाटावेत. एक आहे 'काउंटरमांड' आणि दुसरा आहे 'रिसिंड'. दोन्हींचा ढोबळ अर्थ एकच : दिलेला हुकूम मागे घेणं. आपल्याकडे बातमी येते तेव्हा दोन्हींचं मराठी एकच होतं, 'रद्द'. पण कायद्याच्या घरात हे दोघे वेगवेगळ्या खोल्यांत राहतात, आणि कोण कोणत्या खोलीत आहे यावर माणसाच्या हातातला कागद जिवंत राहतो की मरतो, हे ठरतं.

तुम्ही म्हणाल, हा कवी माणूस, याला कायद्याशी काय करायचं? मी वकील नाही, हे खरंच. शिक्षण बी.ए.पर्यंतचं. राहणार पोखर्णी, तालुका जिल्हा परभणी. परभणीहून परळीकडे जाणाऱ्या रेल्वेमार्गावर 'पोखर्णी नृसिंह' नावाचं स्थानक आहे, तेच आमचं गाव. नृसिंहाच्या दर्शनाला येणाऱ्या माणसांमुळे गावाचं नाव पुष्कळांना ठाऊक असतं. पण गावात कवी असणं म्हणजे काय, हे शहरातल्या मित्रांना ठाऊक नसतं. गावात कवीला कविता कोणी मागत नाही. लोक कागद घेऊन येतात. 'तुम्ही लिहिता ना, मग हे जरा वाचून सांगा.' बँकेची नोटीस, विम्याचं पत्र, तहसीलचा आदेश, सगळं माझ्या ओट्यावर येतं. तीस वर्षं हे कागद वाचता वाचता एक गोष्ट कळली. आदेशातलं क्रियापद नीट वाचलं नाही, तर बाकीचा कागद वाचून उपयोग नसतो.

एक उदाहरण सांगतो. माझी एक भाची दुसऱ्या जिल्ह्यात दिली आहे. तिच्या गावची ग्रामपंचायत निवडणूक २०२० साली लागली होती. राज्यात एप्रिल ते जून २०२० या काळात मुदत संपणाऱ्या १,५६६ ग्रामपंचायती होत्या, त्यांचं मतदान ३१ मार्चला व्हायचं होतं. महिलांसाठी राखीव जागेवर भाचीनं अर्ज भरला. घरातून बाहेर न पडणारी मुलगी, पण बचतगटाचा हिशेब ठेवता ठेवता धीट झाली होती. मग करोना आला. १७ मार्चला राज्य निवडणूक आयोगानं हा कार्यक्रम, आहे त्या टप्प्यावर स्थगित केला. गावात मात्र बोभाटा झाला, 'इलेक्शन रद्द झालं.' घरच्यांनी थकबाकी नसल्याचा दाखला, प्रतिज्ञापत्राच्या प्रती, पावत्या, सगळं रद्दीच्या गठ्ठ्यात टाकलं.

नोव्हेंबरमध्ये आयोगानं दुसरा निर्णय जाहीर केला. मार्चमध्ये थांबवलेला तो कार्यक्रम आता संपूर्णपणे रद्द. मधल्या काळात मतदारयाद्या नव्या झाल्या होत्या, नव्या मतदारांचा हक्क उभा राहिला होता, तेव्हा सगळं पहिल्यापासून. आता गावात दोन तट पडले. एक म्हणाला, 'हे तर मार्चमध्येच रद्द झालं होतं, आता पुन्हा काय रद्द करतात?' दुसरा जाणता म्हणाला, 'अगं, तुझा अर्ज दिलेलाच आहे. तो चालतो. पुन्हा कशाला खर्च करतेस?' डिसेंबरच्या अखेरीला नवे अर्ज सुरू झाले, तेव्हा तिचा मला फोन आला. आमच्या घरात दखनी बोलतात. ती म्हणाली, 'मामू, मेरा फारम जिंदा है के मर गया?'

श्रोतेहो, मी आयुष्यभर शब्दांवर बोलत आलो, पण शब्दाच्या अर्थाचा इतका नेमका प्रश्न मला कोणी विचारला नव्हता. मार्च ते नोव्हेंबर तिचा अर्ज जिवंत होता, फक्त झोपलेला होता. नोव्हेंबरमध्ये तो मेला. गावानं मार्चमध्ये त्याला मेला म्हटलं आणि डिसेंबरमध्ये जिवंत म्हटलं. दोन्ही वेळा उलटं, कारण दोन्ही वेळा शब्द एकच होता.

आता त्या दोन इंग्रजी शब्दांकडे येऊ. शब्दाची नाळ पाहिली की स्वभाव कळतो. 'रिसिंड'च्या पोटात लॅटिनमधलं 'सिंडेरे' हे क्रियापद आहे. त्याचा अर्थ कापणं, फाडणं. हुकूमच कापून टाकायचा, मुळापासून. 'काउंटरमांड'मधला 'मांड' हा 'मंडारे'वरून आलेला, म्हणजे हुकूम देणं, एखाद्याच्या हाती काम सोपवणं. 'कमांड' आणि 'मँडेट' हे त्याचेच सख्खे. तेव्हा काउंटरमांड म्हणजे उलटा हुकूम. पहिला हुकूम वाटेला लागलेला आहे, माणसं कामाला लागली आहेत, आणि मागून दुसरा हुकूम धावत येतो : थांबा, फिरा.

हे सोपं करून सांगायचं तर लग्नाचं उदाहरण घेऊ. लग्न तीन प्रकारे अडतं. पहिला प्रकार, तारीख पुढे गेली. पाऊस लागला, मुहूर्त पंधरा दिवसांनी धरला. ही तहकुबी. दुसरा प्रकार, वऱ्हाड निघालं आहे, आणि नवरीच्या घरी कोणी वारलं. मागून माणूस पळवतात, 'वेशीवरच थांबा, परत फिरा.' सोयरीक कायम आहे, पण आजचं लग्न होणार नाही. नवी तारीख धरावी लागेल. हे झालं काउंटरमांड. तिसरा प्रकार, सोयरीकच मोडली. साखरपुड्याची अंगठी परत, लुगडी परत, दिलं-घेतलं सगळं परत. आता लग्न करायचं तर पुन्हा बघण्या-दाखवण्यापासून सुरुवात. हे झालं रिसिंड. तिन्ही वेळा मंडपवाल्याला निरोप एकच जातो, 'लग्न रद्द.' पण नवऱ्या मुलाला विचारा, तिन्ही एकच आहेत का?

हे उदाहरण मी उगाच घेतलं नाही. आपल्या निवडणूक कायद्यात हेच घडत आलं आहे. १९५१चा लोकप्रतिनिधित्व कायदा आहे. त्याच्या कलम ५२मध्ये पूर्वी अशी तरतूद होती की मतदानाआधी एखादा उमेदवार वारला, तर निवडणूक अधिकाऱ्यानं मतदान काउंटरमांड करायचं. मग सगळी प्रक्रिया नव्यानं चालायची. पण कायद्यानं एक मेहेरबानी ठेवली होती. ज्यांचे अर्ज तोवर वैध ठरले होते, त्यांना पुन्हा अर्ज भरायची गरज नव्हती. म्हणजे वऱ्हाड परत फिरलं, पण सोयरीक टिकली. भाचीच्या भाषेत, फारम जिंदा.

पुढे या तरतुदीचा त्रास होऊ लागला. शंभर-दीडशे अपक्ष उभे राहू लागले आणि त्यातला एक जरी वारला तरी अख्खं मतदान थांबायचं. १९९६च्या दुरुस्तीनं हे बदललं. आता मान्यताप्राप्त पक्षाचा उमेदवार वारला तरच मतदान थांबतं, आणि तेही काउंटरमांड होत नाही. कायद्यातला आजचा शब्द तहकुबीचा आहे. पक्षाला दुसरा उमेदवार देण्यासाठी सात दिवस मिळतात. राजस्थानातल्या करणपूर मतदारसंघात २०२३ साली असंच झालं. नोव्हेंबरमध्ये उमेदवार वारले, मतदान जानेवारी २०२४मध्ये झालं. बाकीच्या राज्यात सरकार येऊन बसलं होतं, तरी करणपूरच्या बाकी उमेदवारांचे अर्ज तसेच उभे होते.

काउंटरमांड हा शब्द कायद्यातून गेला मात्र नाही. १९८९ साली कलम ५८-अ आलं. मतदान केंद्रं बळकावण्याचे प्रकार फार वाढले होते, त्यावरचा हा उपाय. एखाद-दुसऱ्या केंद्रावर गडबड झाली तर तिथलं मतदान निरर्थक ठरवून पुन्हा घ्यायचं. पण इतक्या केंद्रांवर गडबड झाली की निकालच फिरेल, तर निवडणूक आयोगानं त्या मतदारसंघाची निवडणूक काउंटरमांड करायची. १९९१ साली पाटणा लोकसभा मतदारसंघाची निवडणूक गैरप्रकारांच्या तक्रारींवरून अशीच थांबवली गेली. तेव्हा मुख्य निवडणूक आयुक्त होते टी. एन. शेषन. पाटण्यातले एक उमेदवार होते इंद्रकुमार गुजराल, जे पुढे १९९७ साली पंतप्रधान झाले.

लक्षात घ्या, काउंटरमांड कधी करायचं, हे कायद्यानं आधीच लिहून ठेवलेलं आहे. मृत्यू झाला तर, केंद्रं बळकावली तर. आता प्रश्न असा की कायद्यानं ज्याचं नावच घेतलं नाही, असं काही घडलं तर? केंद्र कोणी बळकावलं नाही, उमेदवार सगळे धडधाकट आहेत, पण मतदानाच्या आधीच घरोघरी पैसे पोचले आहेत. मग काय करायचं?

हा प्रश्न तामिळनाडूत उभा राहिला. २०१६ साली अरवकुरिची आणि तंजावर या दोन विधानसभा मतदारसंघांत पैसेवाटपाच्या तक्रारी इतक्या झाल्या की आयोगानं मतदान आधी पुढे ढकललं, मग आणखी पुढे ढकललं आणि शेवटी मूळ अधिसूचनाच मागे घेण्याची वाट धरली. मतदान झालं ते नोव्हेंबरमध्ये. एप्रिल २०१७मध्ये चेन्नईच्या आर. के. नगर पोटनिवडणुकीत तेच झालं. मतदान तीन दिवसांवर आलेलं असताना आयोगानं अधिसूचना मागे घेतली. ती निवडणूक डिसेंबरमध्ये झाली. आणि २०१९च्या लोकसभा निवडणुकीत वेल्लोर मतदारसंघात मोठी रोकड सापडली, तेव्हा १८ एप्रिलचं मतदान १६ एप्रिलला मागे घेतलं गेलं. वेल्लोरला मतदान झालं ५ ऑगस्टला.

या ठिकाणी 'काउंटरमांड' चालला नाही, 'रिसिंड' वापरावा लागला. त्याचा आधार कुठून आला? १८९७चा एक जुना कायदा आहे, सर्वसाधारण परिभाषा कायदा, इंग्रजीत 'जनरल क्लॉजेस ॲक्ट'. त्याचं कलम २१ साध्या शब्दांत असं आहे : ज्याला अधिसूचना काढण्याचा अधिकार आहे, त्याला ती बदलण्याचा आणि मागे घेण्याचाही अधिकार आहे. ज्याच्या हातानं दिलं, त्याच्याच हातानं घेतलं. म्हणूनच आर. के. नगरची पोटनिवडणूक आयोगानं स्वतः मागे घेतली, कारण अधिसूचना आयोगाची होती. वेल्लोरला मात्र आयोगानं राष्ट्रपतींना शिफारस केली आणि राष्ट्रपतींनी ती मागे घेतली, कारण लोकसभेच्या सार्वत्रिक निवडणुकीची अधिसूचना राष्ट्रपतींच्या नावानं निघते. आणि एकदा अधिसूचना कापली की तिच्या आधारावर उभं असलेलं सगळं कोसळलं. वेल्लोरला जुलैमध्ये पुन्हा अर्ज भरले गेले. फारम मर गया.

महाराष्ट्रातलं उदाहरण हवं असेल तर तेही आहे. जानेवारी २०२१मध्ये राज्यात १४,२३४ ग्रामपंचायतींचं मतदान व्हायचं होतं. त्याच्या दोनच दिवस आधी राज्य निवडणूक आयोगानं दोन गावांच्या निवडणुका रद्द केल्या. एक नाशिक जिल्ह्यातलं उमराणे, दुसरं नंदुरबार जिल्ह्यातलं खोंडामळी. या गावांत सरपंच आणि सदस्यपदांचा लिलाव झाल्याचं उघड झालं होतं. उमराण्यात बोली दोन कोटींच्या पुढे गेली, खोंडामळीत बेचाळीस लाखांपर्यंत. पैसा मंदिराच्या नावानं होता, पण पद तर मतदारांचं होतं. बातमीत शब्द आला 'रद्द'. त्याची जातकुळी मात्र कापण्याची आहे. आयोगानं स्वतः लावलेली निवडणूक स्वतःच मागे घेतली. अशा रद्दमध्ये एक दुखणं असतं. जो लिलावात बसला त्याचा अर्ज मरतो आणि जो बसला नाही त्याचाही मरतो. कात्री सगळ्यांना एकच लागते. म्हणून ती जपून चालवावी लागते.

निवडणुका तर पाच वर्षांनी येतात. रोजच्या व्यवहारातही हे दोन शब्द आपल्या खिशात असतात. धनादेश, म्हणजे चेक, हा एक हुकूमच आहे. माझ्या खात्यातून अमक्याला इतके रुपये दे, असा मी बँकेला दिलेला हुकूम. बँकेत जाऊन आपण 'स्टॉप पेमेंट' करतो, त्याला बँकेच्या कायद्यात काउंटरमांडच म्हणतात. उलटा हुकूम. आणि उलट्या हुकमाची पहिली अट अशी की तो वेळेत पोचला पाहिजे. पैसे देऊन झाल्यावर पोचला तर त्याचा उपयोग नाही. दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. चेक थांबवला म्हणून देणं थांबत नाही. सर्वोच्च न्यायालयानं १९९८ सालीच स्पष्ट केलं आहे की पैसे थांबवण्याची सूचना दिली, एवढ्यानं चेक न वटल्याच्या गुन्ह्यातून सुटका होत नाही. मोंढ्यात सोयाबीन घातलेल्या शेतकऱ्याला कोणी सांगितलं, 'तुझा चेक रद्द केला,' तर त्यानं घाबरायचं कारण नाही. चेक थांबला आहे, सौदा थांबलेला नाही. पैसे मागण्याचा हक्क जागच्या जागी आहे.

सौदा मोडणं ही वेगळी गोष्ट. १८७२च्या करार कायद्यात त्याला रिसिंड हा शब्द आहे. फसवून, धमकावून करून घेतलेला करार फसलेल्या माणसाला मोडता येतो. पण कलम ६४ सांगतं, करार मोडणाऱ्यानं त्यातून जो फायदा घेतला असेल तो परत करायचा. इसार घेतला असेल तर इसार परत. साखरपुड्याच्या अंगठीसारखंच. थांबवणाऱ्यानं नुसतं थांबवायचं असतं, मोडणाऱ्याला मात्र दिलं-घेतलं निस्तरावं लागतं.

आता मला माझ्या आवडीच्या गल्लीत थोडं जाऊ द्या. ज्या 'रद्द'ला आपण इतकं राबवतो, तो आला कुठून? तो अरबी शब्द आहे. त्याचा मूळ अर्थ परत करणं, माघारी पाठवणं. उर्दूत प्रतिक्रियेला 'रद्दे-अमल' म्हणतात, म्हणजे कृतीची परतफेड. आणि जुन्या वर्तमानपत्रांचा गठ्ठा आपण ज्याच्या तराजूत टाकतो, तो रद्दीवालाही याच घराण्यातला. रद्दबातलमधला 'बातल' म्हणजे खोटा, पोकळ. 'खारीज' म्हणजे बाहेर. 'बरखास्त' म्हणजे उठलेला, सभा उठली. 'बडतर्फ' म्हणजे एका बाजूला केलेला. बघा, फेटाळणं, मोडणं, काढणं, उठवणं, बाजूला सारणं, प्रत्येकाला वेगळा शब्द होता. मराठीनं हे सगळे घेतले, आपल्या अंगावर शिवून घेतले. आता ते मराठीच आहेत.

आमचा मराठवाडा १९४८पर्यंत निजामाच्या राज्यात होता. सरकारी कामकाज उर्दूत चालायचं. आमच्या आजोबांच्या पेटीत त्या काळचे काही कागद होते. त्या पिढीच्या तोंडात दोन शब्द पक्के वेगळे होते. 'मुल्तवी' म्हणजे पुढे ढकललेलं आणि 'मनसूख' म्हणजे मिटवलेलं. मुल्तवी झालेल्या दाव्याला माणूस पुढच्या तारखेला जायचा. मनसूख झालेल्या हुकमाचा कागद घडी घालून ठेवायचा. मनसूखचा अरबी धातू मोठा गमतीचा आहे. त्याचा एक अर्थ मिटवणं आणि दुसरा अर्थ नक्कल करणं. अरबी लिपीच्या एका वळणाला 'नस्ख' म्हणतात, वैद्याच्या 'नुसख्या'तही तोच धातू आहे. जुनं मिटलं की त्या जागी नवं उतरवायचं. नुसतं मिटवून मोकळं व्हायचं नाही, असं जणू तो शब्दच सांगतो.

मराठीकडे शब्दांची गरिबी आहे, असं मात्र कोणी समजू नये. रिसिंडला आपल्याकडे 'विखंडित करणे' असा शब्द आहे. महानगरपालिका अधिनियमाच्या कलम ४५१नुसार राज्य सरकार महापालिकेचा ठराव आधी निलंबित करू शकतं आणि नंतर विखंडित करू शकतं. नगरसेवकांना हा शब्द पाठ असतो. इथं कापणारा हात मूळ ठराव करणाऱ्याचा नाही, वरच्याचा आहे. कारण कायद्यानं तो अधिकार वरच्याला दिला आहे. पण विखंडित हा शब्द सभागृहाबाहेर आला नाही. सामान्य माणसाला तो देवळातल्या भंगलेल्या मूर्तीसारखा वाटतो. खरं तर आपल्या बोलीत याहून सोपे शब्द पडून आहेत. थांबवलं, फिरवलं, मोडलं, मागे घेतलं. प्रत्येकाचा अर्थ लहान पोरालाही कळतो. बातमी लिहिणाऱ्यांनी 'निवडणूक रद्द' असं लिहिण्याऐवजी 'मतदान थांबवलं, अर्ज कायम' किंवा 'अधिसूचना मागे घेतली, अर्ज पुन्हा भरावे लागणार' असं लिहिलं, तर दोन शब्द जास्त लागतील, पण एखाद्या बाईचे कागद रद्दीत जाणार नाहीत.

हुकमातल्या शब्दाची किंमत महाराष्ट्राला कोणी वेगळी सांगायला नको. १७७३ साली शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला. 'धरावे' या हुकमातल्या 'ध'चा 'मा' केला आणि 'मारावे' झालं, ही आख्यायिका शाळेतल्या प्रत्येक मुलाला ठाऊक आहे. ती खरी असो वा लोकांनी रचलेली, लोकांना ती अडीचशे वर्षं सांगावीशी वाटली, यातच सगळं आलं. हुकमात एक अक्षर फिरलं की माणसाचं काय होतं, हे आपल्या लोकांना कळत होतं. आणि त्या दिवशी उलटा हुकूम पोचायला वेळच नव्हता.

शेवटी, ओट्यावर बसून कागद वाचताना मी जे करतो, ते तुम्हाला सांगतो. 'रद्द' लिहिलेला कागद हातात आला की त्याला चार प्रश्न विचारायचे.

पहिला प्रश्न, नेमकं काय रद्द झालं? मतदानाचा दिवस, मतदान, की सगळा कार्यक्रम? चेक की सौदा? आजची तारीख की मूळ आदेश?

दुसरा प्रश्न, कोणी रद्द केलं? ज्यानं दिलं होतं त्यानं, की कायद्यानं ज्याला अधिकार दिला आहे अशा वरच्यानं? दोघांपैकी कोणीच नसेल, तर तो कागद नाही, नुसता सांगावा आहे. सांगाव्यावर घर मोडायचं नसतं.

तिसरा प्रश्न, आतापर्यंत जे झालं त्याचं काय? अर्ज, पैसे, इसार, पावत्या. कायम की परत की बाद?

आणि चौथा प्रश्न, कारण काय लिहिलं आहे? हा प्रश्न लोक सगळ्यात कमी विचारतात. १९७७च्या लोकसभा निवडणुकीत पंजाबातल्या फिरोजपूर मतदारसंघात मतमोजणीच्या वेळी दंगल झाली, मतपत्रिका नष्ट झाल्या आणि आयोगानं तिथलं संपूर्ण मतदान रद्द करून नव्यानं घ्यायला सांगितलं. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. आयोगाला असा अधिकार आहे, हे न्यायालयानं मान्य केलं. पण त्याच निकालात न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी एक तत्त्व घालून दिलं, ते आजही कोर्टाकोर्टांत सांगितलं जातं. आदेश योग्य की अयोग्य हे त्या आदेशात लिहिलेल्या कारणांवरून ठरवायचं. मागून प्रतिज्ञापत्र करून नवी कारणं जोडता येत नाहीत. तेव्हा आदेशात कारण काय आहे, हे पहिल्याच दिवशी वाचून ठेवा. तोच तुमचा पुरावा आहे आणि समोरच्याचाही.

माझ्या भाचीचं पुढं काय झालं, हे सांगायचं राहिलं. फोन ठेवला त्याच दिवशी ती नव्या दाखल्यांच्या मागे लागली. एका कार्यालयात तिला सांगितलं गेलं की जुन्यावरच भागेल. तिनं आयोगाचा आदेश उघडून समोर धरला, 'संपूर्ण कार्यक्रम रद्द' या शब्दांवर बोट ठेवलं आणि दाखला घेऊनच उठली. अर्ज वेळेत गेला. १५ जानेवारीला मतदान झालं. ती सात मतांनी पडली.

गाव म्हणालं, 'एवढा आटापिटा करून हरलीच ना?' मला तसं वाटत नाही. ती मतांनी पडली, आणि लोकशाहीत मतांनी पडण्यात कमीपणा नाही. शब्दानं पडली असती तर मला वाईट वाटलं असतं. मतदारांनी नाकारलेला माणूस पाच वर्षांनी पुन्हा उभा राहू शकतो. पण आपला अर्ज जिवंत आहे की मेला, हेच ज्याला कोणी नीट सांगत नाही, तो मतदारांपर्यंत पोचतच नाही.

तेव्हा पुढच्या वेळी कोणी 'रद्द' म्हणालं, तर पिशवी उचलण्याआधी एवढंच विचारा : थांबवलं की मोडलं?